आजोळचं रक्त

“बापाच्या घरी इचारून काय उपेग, रगत तं आजोळचं असतंय,” असं धुरपताबाई एकदा म्हणाल्या होत्या.

समोर तीन पुरुष बसले होते. अठरा दिवसांच्या बाळाचा बाप, आजोबा आणि चुलता. बाळाची सुंता करायला आले होते. नांदेडच्या त्या लहानशा दवाखान्याचा कागद बापाच्या हातात होता, आणि ‘घराण्यात कुणाला रक्ताचा आजार आहे का’ या ओळीपुढे त्याने ‘नाही’ लिहून टाकलं होतं. धुरपताबाईंनी कागद घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“पोराची आई कुठंय?”

“बाहेर, बाकड्यावर.”

“मंग तिला आत पाठवा, न् तुमी भाईर बसा.”

आजोबा हसले. “मावशी, सुंता पोराची हाय.”

“म्हनूनच म्हन्ते. पोराच्या मामाचा दात पडला तवा किती दिवस रगत वाहिलं, हे तुमाला काय ठाव? तुमी तिच्या म्हायेरी जेवायला जाता, इचारायला जात न्हाई.”

तिघे बाहेर गेले. चुलता जाताना पुटपुटला, “डॉक्टर कमी, वकील ज्यादा.” धुरपताबाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दवाखान्यात त्या ड्रेसिंग करायच्या, हत्यारं उकळायच्या आणि आईबापांशी बोलायच्या. शेवटचं काम कुणी सांगितलेलं नव्हतं. ते त्यांनी लातूरहून सोबत आणलं होतं, चौदा वर्षांपूर्वी.

मुखेडजवळच्या एका वाडीत त्यांचा जन्म. सातवीपर्यंत शाळा. लग्न होऊन मुदखेडला आल्या. नवरा नरसिंग रेल्वेच्या ठेकेदाराकडे खडी टाकायचा. एका उन्हाळ्यात त्याला रुळावरच भोवळ आली, आणि त्याला उचलून सावलीत आणेपर्यंत सावली निरुपयोगी झाली होती. दोन वर्षांची लुंबिनी कडेवर घेऊन धुरपताबाई लातूरला बहिणीकडे गेल्या. तिथे एका खासगी दवाखान्यात फरशी पुसायला लागल्या. पुसता पुसता बघितलं, बघता बघता शिकल्या. पाच वर्षांत डॉक्टर त्यांना नावाने हाक मारू लागला.

त्यांचा हात हलका होता, पण दवाखान्याला हवा होता तो त्यांचा आवाज. रडणाऱ्या बाळापेक्षा घाबरलेली आजी आवरणं कठीण असतं. धुरपताबाई दोन वाक्यांत आजीला आवरायच्या. “काय न्हाई हो, माय. थोडं रगत येतंच. कोंबडीचं पिल्लू हाय का ते?” आजी हसायची, घरी जायची. डॉक्टर म्हणायचा, धुरपता आहे म्हणून मला झोप मिळते.

नांदेडच्या दवाखान्यात त्यांना असं बोलताना कुणी ऐकलं नाही. तिथे त्या घाबरवायच्या. आयांना समोर बसवून एकेक गोष्ट सांगायच्या, आणि मग तीच गोष्ट त्यांच्याकडून वदवून घ्यायच्या. दिवस भरायच्या आधी झालेलं, वजन कमी असलेलं, काविळीनं पिवळं पडलेलं बाळ असेल तर थांबायचं. लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला दिसलं तर सुंता करायचीच नाही, कारण पुढे ते नीट करताना डॉक्टरला तीच कातडी लागते. झाल्यावर पिवळी साय धरते. ती पू नव्हे, खरवडायची नाही. राख, हळद, कोळसा काही लावायचं नाही. आठ तासांत बाळानं लघवी केली पाहिजे. डाग बोराएवढा असेल तर ठीक, पण तो पसरत असेल, किंवा दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तर उठायचं आणि यायचं. विचारत बसायचं नाही.

“न् येताना लंगोट धुऊन आनू नका,” त्या म्हणायच्या. “टाकू बी नका. जेवढे भिजले तेवढे सगळे पिशवीत घालून माज्यासमोर आनून टाका. मला घान वाटत न्हाई.”

ही शेवटची सूचना इतर कुठल्या दवाखान्यात मिळत नसे. आयांना ती विचित्र वाटायची.

हिंदू घरची पोरंही यायची, वेगळ्या वाटेने. एकदा शेषेराव नावाचे शेतकरी नातवाला घेऊन आले. अंघोळ घालणाऱ्या बाईनं रोज तेल लावून कातडी मागं ओढली होती. एक दिवस ती मागेच अडकली आणि सुजली. डॉक्टरने ती जागेवर आणली, पण पुन्हा असं झालं तर सुंता करावी लागेल, असं बजावलं. शेषेरावांचा चेहरा उतरला.

“बाई, आमच्यात असलं नसतंय. लोक काय म्हनतील?”

“लोक काय लंगोट सोडून बगायला येनार हैत का?” धुरपताबाई म्हणाल्या. “त्या बाईला सांगा, कातडी वडू नको. ती आपल्या टायमाला आपोआप सुटती. कळीला कोन वडून फूल करतं का?”

शेषेराव हसत गेले. त्या मात्र हसल्या नव्हत्या. त्यांचं हसू लातूरला एका दारात राहिलं होतं.

तो दिवस असा होता. वीस दिवसांचं एक बाळ, तहसीन नावाच्या मुलीचं पहिलं. सकाळी दहाला सुंता झाली. कागद बापाच्या घरच्यांनी भरला. घराण्यात रक्ताचा आजार? नाही. ते खोटं बोलले नव्हते. घराणं म्हणजे आपलं घर, असंच ते समजत होते, आणि धुरपताबाईंच्या वाडीतही घराण्याचा अर्थ याहून वेगळा नव्हता. सून जिथून आली ते घर कुणाच्याच कागदावर नव्हतं.

दुपारी तीनला बाळाची दादी बाळाला घेऊन आली. रक्त येऊन राहिलंय म्हणाली. डॉक्टर बाहेरगावी लग्नाला गेला होता, आणि बारीकसारीक गोष्टीला फोन करायचा नाही असं सांगून गेला होता. धुरपताबाईंनी दारातच लंगोट सोडून बघितला. पांढरा स्वच्छ कपडा, मध्ये लहानसा डाग. काय न्हाई हो, माय. थोडं रगत येतंच. दादी गेली. दिवस मावळताना पुन्हा आली. पुन्हा पांढरा कपडा, पुन्हा लहानसा डाग. बाळ रडत नव्हतं. धुरपताबाईंना ते बरं लक्षण वाटलं. झोपलंय, म्हणाल्या. झोपू द्या.

तिसऱ्यांदा कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी बातमी आली.

चांगल्या घरची बाई परक्यापुढे घाण कपड्यातलं बाळ नेत नाही. दादीनं दोन्ही वेळा निघण्याआधी बाळाला पुसून, धुतलेला नवा लंगोट बांधून आणलं होतं. भिजलेले अकरा लंगोट घरी न्हाणीत पडले होते. धुरपताबाईंना ते पुढे कळलं, आणि अकरा हा आकडा मग त्यांच्याबरोबर नांदेडला आला. दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे दिसले की त्या रस्ता बदलायच्या.

नांदेडच्या डॉक्टरला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की लातूरला असं एक बाळ बघितलं. आपण दारात होतो हे सांगितलं नाही. त्याने समजावलं होतं. काही घरांत रक्त गोठत नाही. दोष बायकांच्या रक्तातून चालत येतो, पण बहुतेक वेळा बायकांना काही होत नाही, भोगतो मुलगा. प्रत्येक मुलाला होईलच असंही नाही. आणि मग जाता जाता तो म्हणाला, “त्या बाईच्या बहिणींच्या मुलांनाही धोका असू शकतो. कुणीतरी सांगायला हवं त्यांना.”

तहसीनला एक बहीण होती. त्या सकाळी दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलेली सात वर्षांची पोर. निखत. तेव्हापासून धुरपताबाई तिचं वय मोजत आल्या. आता आठ. आता बारा. आता वयात आली असेल. स्वतःच्या मुलीचा वाढदिवस त्या विसरायच्या, निखतचं वय कधी चुकलं नाही. जाऊन सांगावं असं दर वर्षी वाटायचं, आणि दर वर्षी अजून वेळ आहे असंही वाटायचं. तिचं लग्न कुठं झालंय. तिला पोर कुठं झालंय. झालेलं पोर मुलगा कुठं आहे.

लुंबिनी मोठी झाली, लातूरलाच दिली. तिथे ती आशाताई झाली. तहसीनच्या माहेरची गल्ली तिच्याच हद्दीत होती. गेल्या चैत्रात तिचा फोन आला.

“आई, तू इचारत होतीस ना, तहसीनच्या आईच्या, सुगराबीच्या घरचं. धाकटी बाळंतपनाला आलीय म्हायेरी. मुलगा झालाय.”

धुरपताबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आई? ऐकून राहिली का? तिच्या सासरचे उदगीरचे हैत. येत्या जुम्म्याला तिकडं नेऊन सुंता करनार म्हनतेत. मी सांगते त्यान्ला. तू येऊ नको.”

“तुजं ऐकतील का?”

“मी आशाताई हाय, आई. सगळी गल्ली ऐकती माजं.”

“आजार हाय म्हनशील, तं तुला कसं ठाव असं इचारतील. मंग?”

मंगळवारी सकाळच्या बसने धुरपताबाई लातूरला उतरल्या.

पुढचं लुंबिनी सांगते.

गल्लीत टँकर येऊन गेला होता, दारोदार निळे ड्रम भरलेले होते. डाळ मिलची पिवळी धूळ दारांच्या कड्यांवरही बसली होती. सुगराबी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. वय धुरपताबाईंएवढंच. लुंबिनीला बघून म्हणाल्या, “आओ आशाताई. आज वजनकाटा न्हाई आनला? या कोन, सासू का?”

“आई हाय माजी.”

सुगराबींनी वर बघितलं. लसणाची पाकळी बोटांत तशीच राहिली. दोघींना एकमेकींची ओळख पटली, आणि दोघींनीही ती बोलून दाखवली नाही. सुगराबी उठल्या आणि म्हणाल्या, “उन्हात का उभ्या? आत या.”

आत निखत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. एकवीस वर्षांची. पडद्यापलीकडच्या खोलीत शिवणाचं मशीन चालू होतं. ते कोण चालवतंय हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. तहसीन त्या बाळानंतर सासरी परत गेली नव्हती. सासरच्यांनी बोलावलंच नव्हतं.

“अम्मी, पानी दो ना,” निखत म्हणाली, आणि धुरपताबाईंकडे वळून हसली. “बसा ना मावशी. बगा, नाक कुनासारखं हाय? सगळे मामासारखं म्हनतेत. मामा तं मी बी बघितला न्हाई.”

“मामा होता का तुज्या पोराला?” धुरपताबाईंनी विचारलं.

“होता. अन्वरभाई. माज्या आधी गेला, पाच वर्साचा होऊन. ताप आला होता.”

धुरपताबाईंनी सुगराबींकडे बघितलं. सुगराबी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

“ताप होता का, बी?”

“तापच होता,” सुगराबी म्हणाल्या. “तुमी कशाला आल्या? लोकाच्या घरी बाळंतीन बसलीय, न् तुमी मेलेलं उकरायला आल्या?”

“अम्मी!” निखत दचकली. “ऐसा क्या बोल रहे?”

मग धुरपताबाई बोलल्या. लुंबिनीने आईला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज नेहमीचा नव्हता, खरबरीत होता. त्या निखतकडे बघून म्हणाल्या, “तुजी बहीन आली होती तिच्या पोराला घिऊन. दवाखान्यात मी होते. रगत थांबंना म्हनून तुमचे लोक दोनदा आले, न् म्या दोनदा वापस पाठवलं. काय न्हाई म्हनून. ते लेकरू गेलं. म्या त्याच्या मामाचं इचारलं न्हाई, तुज्या आईला इचारलं न्हाई. आता इचारायला आले.”

मशीन थांबलं.

निखतने बाळाला छातीशी ओढलं. कुणी हिसकावून घेणार असल्यासारखं.

“लेकराला सुई टोचली होती का मांडीला?” धुरपताबाईंनी विचारलं.

“पैदा झाला तवा.”

“मंग?”

“गाठ आली होती. काळीनिळी. आठ दिवस होती.” निखतचा आवाज बारीक झाला. “सासू म्हनल्या, नाजूक चमडी हाय.”

मग सुगराबी तांब्या हातात तसाच धरून खाली बसल्या.

“दात पडला होता,” त्या म्हणाल्या. “दुधाचा दात. चार दिवस रगत. कापसाची रुई भरली, फिटकरी लावली, मौलवीकडून दम करून आनलं. उशी लाल, मी धुवायची, परत लाल.” त्या बाळाकडे बघत नव्हत्या. “तहसीनच्या टायमाला मी तिथंच होते, दवाखान्याच्या अंगनात. मला इचारलं असतं तं मी सांगितलं असतं. अल्लाकसम सांगितलं असतं. पर मला कोनी इचारलंच न्हाई.”

“अम्मी, तुमी तं ताप म्हनत होता.”

“तुजं लगीन करायचं होतं, बेटा. एक पोरगी घरी बसली. दुसरीला कोन नेलं असतं?”

“न् आता? जुम्म्याला पाठवनार होता का मला? चुपचाप?”

सुगराबींनी पदर तोंडावर घेतला. “मी रोज म्हनत होते, आज सांगते. रोज.”

धुरपताबाईंनी मान खाली घातली. ते वाक्य त्यांना त्यांच्याच तोंडातलं वाटलं असावं.

लुंबिनीने तेवढ्यात सांगायचं ते सांगून घेतलं. आधी रक्ताची तपासणी. सरकारी दवाखान्यात आजच जाऊ, मी सोबत येते. दोष नसेल तर प्रश्नच नाही. असेल तर त्याला औषध आहे, सुई आहे, पोरं मोठी होतात, शाळेत जातात. सुंताही होते, पण रक्ताच्या डॉक्टरला विचारून, आधी औषध देऊन. तोवर कुणी कात्री, वस्तरा काही लावायचा नाही. कान टोचायचा असला तरी आधी विचारायचं.

निखतने फोन उचलला. नवऱ्याला लावला, पण फोन सासूने घेतला. सासूचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“क्या मतलब जुम्मे को नै? बिर्यानी को बोल दिये हम! किसने डाला ये तेरे दिमाग में?”

“खून की जाँच होने तक नै करना, अम्माँ.”

“हमारे खानदान में ऐसा कुच नै है.”

“आपके में नै है,” निखत म्हणाली. “हमारे में है. मेरा भाई उसीसे गया. आपा का बच्चा उसीसे गया. अब आपको जो करना सो करो. बच्चा मैं नै देती.”

मग सासू म्हणाली, “रुक, तेरे ससुर को देती,” आणि फोन कटला. लागला नाही परत. निखतने तो उशीवर टाकला आणि बाळाचं टोपडं बांधायला घेतलं. गाठ तिसऱ्या वेळी बसली.

“चला लुंबिनीताई. आत्ताच. नंतर माजी हिंमत जाईल.”

सुगराबी बुरखा शोधायला उठल्या, लुंबिनी ऑटोला फोन लावू लागली. धुरपताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. काम झालं होतं. लुंबिनी म्हणते, आईच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी सैल झालं, बसमधून उतरल्यावर पिशवी खाली ठेवतो तसं.

तेव्हा पडदा सरकला.

तहसीन दारात उभी होती. चौतीस वर्षांची, केस अर्धे पांढरे. बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच होतं. तिने बाळाकडे बघितलं नाही, बहिणीकडेही नाही.

“त्या दिवशी मी ऑटोत बसले होते,” ती धुरपताबाईंना म्हणाली. मराठीतच, आवाज अगदी साधा, पत्ता विचारावा तसा. “दोन्ही टायमाला. सासूनं उतरू दिलं न्हाई, ओली बाळंतीन म्हनून. तुमी दारात उभ्या होता. मला तिथून दिसत होतं. तुमी हसत होता.”

धुरपताबाई उठून उभ्या राहिल्या.

“माज्या मांडीवर गठुडं होतं. सासू फेकायला निघाली होती, मी घेतलं. सगळे लंगोट होते त्यात. दाखवावं म्हनून आनले होते मी.” ती थांबली. “दहा पावलं होती, मावशी. एकदा ऑटोपर्यंत का न्हाई आल्या?”

म्हणजे न्हाणीत पडलेले अकरा लंगोट न्हाणीत नव्हते. ते दहा पावलांवर होते. चौदा वर्षं ऐकीव माहितीवर धुरपताबाईंनी स्वतःला जी शिक्षा दिली होती, तीही खऱ्यापेक्षा कमीच होती.

लुंबिनीला वाटलं, आई आता बोलेल. डॉक्टर लग्नाला गेला होता, फोन करायचा नव्हता, कागदावर ‘नाही’ लिहिलं होतं, कपडा पांढरा होता. चौदा वर्षांत आईने हे सगळं किती वेळा मनात रचलं असेल. धुरपताबाईंचे ओठ उघडले. तहसीन वाट बघत होती, अगदी शांतपणे, उत्तर मिळालं तर घ्यायला तयार असल्यासारखी.

निखत बाळाला घेऊन मध्ये उभी होती. धुरपताबाईंनी तिला दाराकडे जायला वाट दिली. मग पदर सारखा केला, आणि तहसीनच्या समोरून, सुगराबींच्या बाजूने, रचलेलं एकही कारण न सांगता बाहेर निघून गेल्या.